खंडानं दिलेलं हसू

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही जाहिरातीचा फोटो विकला नाही, आणि तरीही कोल्हापुरात जाहिरातीच्या फोटोंवर त्यांच्याइतकं कुणी कमावलं नाही. या वाक्यात काहीतरी घोटाळा आहे असं कुणाला वाटलं तर मी दोष देणार नाही. मलाही कित्येक वर्षं तो घोटाळाच वाटत होता. मी स्वतः फोटोग्राफर. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि तेही फोटोग्राफर. एकाच घरातल्या दोन बहिणी दोन फोटोग्राफरांना देण्याची बुद्धी आमच्या सासऱ्यांना कुठून झाली कोण जाणे. माझा स्टुडिओ मंगळवार पेठेत, त्यांचा तिथून दोन गल्ल्या सोडून. माझ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘निगेटिव्हसह’ असं लिहिलेलं होतं. फोटो घ्या, वर निगेटिव्ह फुकट न्या, म्हणजे गिऱ्हाईक खूश, अशी माझी धंद्याची समजूत. त्यांच्या पाटीवर नुसतं ‘फोटो’ एवढंच होतं आणि गर्दी त्यांच्याकडे होती. साडू म्हटला की थोडीफार जळजळ जगात सगळ्यांनाच होते. माझी बारमाही होती.

साडू मूळचे कुरुंदवाडकडचे, नदीकाठच्या ऊसवाल्यांतले. लग्नाबारशाचे फोटो ते चारचौघांसारखेच काढून देत. पण कुणी धंद्याच्या जाहिरातीसाठी फोटो मागायला आला की त्यांच्यातला शेतकरी जागा व्हायचा. “फोटो म्हंजे रान हाय, पावणं,” ते गिऱ्हाइकाला सांगत. “मी रान खंडानं देतो. कसा, पीक घ्या, हंगाम सरला की रान माझं मला. खंडानं घेतलं म्हणून सातबारा तुमच्या नावावर चढतोय व्हय?” पहिल्या वर्षी फोटो वापरला तर ती लागण, तिचा दर पुरा. तोच फोटो दुसऱ्या वर्षी वापरायचा तर तो खोडवा, तिसऱ्या वर्षी निडवा, आणि दर त्या मानानं उतरत जायचा. तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून दुसऱ्या वर्षी फुटतो तो खोडवा, हे आमच्या जिल्ह्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाद घालायला जागा उरत नसे. भिंतीवरच्या फलकाचा दर वेगळा, वर्तमानपत्राचा वेगळा आणि कॅलेंडरचा सगळ्यांत चढा, कारण त्यांच्या मते कॅलेंडर वर्षभर भिंतीवर बसून खातं. आणि निगेटिव्ह? ती त्यांनी स्वतःच्या सख्ख्या भावालाही दिली नसती.

हा व्यवहार ते लग्नाच्या बोलणीसारखा करत. सतरंजी, पानसुपारी, दोन्हीकडचा एकेक साक्षीदार. फोटो कुठे लावणार, शहरातच की गडहिंग्लजच्या शाखेतही, पावसाळ्यात काढणार की तसाच भिजत ठेवणार, असं सगळं विचारून झाल्यावर ते सुपारी कातरत गप्प बसत. त्या गप्प बसण्याला भले भले व्यापारी घाबरायचे. घासाघीस करणाऱ्याशी बोलता येतं, सुपारी कातरणाऱ्याशी काय बोलणार? तेच व्यापारी माझ्याकडे आले की उधारी मागायचे.

एका खानावळवाल्यानं मटणाच्या ताटाचा फोटो आधी माझ्याकडून काढून घेतला होता. मला त्याबद्दल एक वेळचं जेवण मिळालं, वर रश्श्याची दुसरी वाटी मागितली तर त्यानं भुवई उडवली. पुढच्या वर्षी त्यानं साडूंना गाठलं. साडूंनी खंड ठरवला तो असा, की तांबड्या रश्श्याची चव फोटोत दिसते तशी आहे तोवरच फोटो भिंतीवर राहील, आणि चव तपासायला ते दर महिन्याला येतील. आले की. आक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, आणि मुलांना घेऊन दर महिन्याला आले. मी एकदा रस्त्यावरून बघत होतो, आत सगळं कुटुंब चव तपासत होतं आणि खानावळवाला स्वतः उभा राहून पांढरा रस्सा वाढत होता. त्या दिवशी मी घरी येऊन पिठलं-भाकरी खाल्ली आणि तीही घशाखाली उतरेना.

घरच्यांनाही त्यांनी सोडलं नाही. सासरे वारले तेव्हा वर्तमानपत्रात श्रद्धांजलीसाठी त्यांचा फोटो हवा होता. चांगला फोटो साडूंनीच काढलेला. घरात रडारड चालली होती आणि साडूंनी पाकिटातून फोटो काढून मेहुण्याच्या हातावर ठेवला. “सासरं हुतं म्हणून ह्यो मोफत,” डोळे पुसत ते म्हणाले, “पर वर्षश्राद्धाला परत इचारा.” मेहुणा बिचारा मान हलवून बसला.

इथपर्यंतचं मी सोसलं असतं. धंद्यात एखाद्याचं नशीब असतं म्हणून सोडून दिलं असतं. पण पंच्याण्णवच्या आसपास महाद्वार रोडच्या एका साडीवाल्या शेटजींना दिवाळीच्या कॅलेंडरसाठी फोटो हवा झाला. ते आधी माझ्याकडे आले. मी दर सांगितला, वर निगेटिव्ह फुकट म्हणालो. शेटजींनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि “फुकट म्हंजे कसली असंल,” असं पुटपुटत साडूंकडे गेले. साडूंनी माझ्या तिप्पट खंड सांगितला आणि शेटजी पानसुपारीला बसले. वर साडू म्हणाले, “सिनेमातली बाई नगो. तुमच्या साड्या नेसणारी, घरातली बाई पायजे.” आणि कोल्हापुरातल्या सगळ्या बाया सोडून त्यांना दिसली कोण, तर माझी बायको.

ती कधी नाही ते हो म्हणाली. आमच्याच गच्चीवर एका सकाळी फोटो काढायचं ठरलं. तिच्या तोंडावर उजेड परतवायला समोर पांढरी चादर धरायची होती. ती धरायला मला उभं केलं. मी पंधरा वर्षांचा मुरलेला फोटोग्राफर, आणि माझ्याच गच्चीवर, माझ्याच बायकोसमोर मी चादर धरून उभा. ती हिरवी इरकल नेसून कठड्यावर बसलेली, पासपोर्टला बसावं तशी. साडू काही बोलत नव्हते, नुसते थांबले होते. ऊन तापायला लागलं, माझे खांदे भरून आले आणि डोकंही. “मला दुकान उघडायचं हाय, तुमचं चालू द्या,” असं म्हणून मी चादर खांद्यावर टाकली आणि तरातरा जिना उतरलो. खाली येऊन बघतो तर चादरीच्या टोकाला दोरीवरचा माझा बनियन अडकून आलेला. तो मी झटकून टाकला, आणि तेवढ्यात वरून हसण्याचा आवाज आला. बायकोचा. इतकं मोकळं हसणं मी लग्नानंतर ऐकलं नव्हतं. मी खाली गेलो आणि मग ती हसली, हे माझ्या डोक्यात जे बसलं ते पुढं दहा वर्षं उठलं नाही.

कॅलेंडर छापून आलं आणि गावभर झालं. केशकर्तनालयात, पिठाच्या गिरणीत, दूध संकलनाच्या खिडकीवर, जिथं जावं तिथं माझी बायको हिरव्या इरकलीत मान वळवून हसत होती. कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुठंतरी बघून. गिरणीवाला पीठ चाळता चाळता मला म्हणाला, “वैनी कुणाकडं बघून हसाय लागल्यात वो?” मी म्हणालो, “फोटोग्राफर सांगतो तसं बघायचं असतंय.” गिरणीवाला म्हणाला, “तुमी सांगत न्हाय काय मग?” कारण माझ्या दुकानाच्या काचेतही तिचाच मोठा फोटो होता, लग्नानंतर मी काढलेला. हातात टेलिफोनचा रिसिव्हर, शेजारी प्लास्टिकची फुलं, आणि चेहऱ्यावर पलीकडून वाईट बातमी आल्याचा भाव.

शेटजींचा खंड मिळाला तसे साडू आमच्याकडे आले, पान लावलं आणि पाकीट माझ्या बायकोपुढे ठेवलं. “रानाची मालकीण तू, पोरी. मी वाटंकरी. निम्मं तुझं.” ती पाकिटाकडे बघतच राहिली. मग साडू सावकाश माझ्याकडे वळले. “पावणं, तुमच्या काचंतल्या फोटोला हिला इचारलतं काय?”

“माझी बायको हाय ती,” मी म्हणालो.

“ते मला म्हाईत हाय. मी फोटोचं इचारतोय.”

बायको चहाच्या कपात बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तर काचेतली ती जागा रिकामी. विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, “हंगाम सरला.”

पुढच्या वर्षी शेटजी परत आले. तोच फोटो त्यांना दुकानाच्या पिशव्यांवर छापायचा होता, आणि खोडव्याला लागणीचा दर द्यायला ते तयार होते. साडू म्हणाले, मालकिणीला विचारतो. मालकीण म्हणाली, “कॅलेंडर देवाशेजारी लावत्यात, दाजी. पिशवीतनं मेथी नेत्यात, आणि फाटली की उकिरड्यावर. माझं तोंड उकिरड्यावर नगो.” साडू उठले आणि शेटजींना नाही सांगून आले. शेटजींनी दर दुप्पट केला, तरी नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पैशांत माझ्या स्टुडिओला नवे दिवे आले असते. मी साडूंना म्हणालो, “तुमी समजावलं असतं तर ती व्हय म्हणाली असती.” ते म्हणाले, “मग इचारायचं कशाला?” आणि सुपारी कातरायला लागले. खरं सांगायचं तर मला पैशांपेक्षाही दुसरंच बोचत होतं. माझ्या बायकोचं ‘नाही’ इतक्या आदरानं कुणी बाहेर नेऊन पोचवावं, आणि तो मी नसावा.

मग कॉम्प्युटर आले, डिजिटल आलं, चौकाचौकांत फ्लेक्स लागले. साडूंची पद्धत कुणाला कळेनाशी झाली. एकदा जयसिंगपूरच्या स्टँडसमोर त्यांना आपलाच तो रश्श्याच्या ताटाचा फोटो दिसला, भलत्याच ढाब्याच्या फ्लेक्सवर. ते विचारायला गेले तर फ्लेक्सवाला म्हणाला, “काका, फोटो काय कुणाचा नसतोय. घेतला की आपला.” तिथून ते एसटीनं थेट आमच्याकडे आले. चहा समोर निवत होता आणि ते रिकामा अडकित्ता उघडमीट करत होते. त्यांची जिरावी म्हणून मी इतकी वर्षं वाट बघितली होती. ती जिरलेली समोर बसली होती, आणि मला चहा गोड लागेना.

त्यानंतर त्यांनी स्टुडिओ बंद केला आणि गावी राहायला गेले. जायच्या आधी आले ते माझ्याकडे नाही, बायकोकडे. एक छोटं पाकीट तिच्या हातात दिलं. “आता रान मालकिणीच्या ताब्यात,” म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यात निगेटिव्ह कुणाला दिली नाही, त्यानं ती दिली होती. साडू गेल्यावर मी बराच वेळ त्या पाकिटाभोवती घुटमळलो. शेवटी म्हणालो, “बघू काय?” तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “बघा की,” म्हणाली.

मी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडाला धरली. निगेटिव्ह वाचायला मला छापायची गरज पडत नाही. मधोमध ती हसत होती, कॅलेंडरवर होती तशीच. पण कॅलेंडरवर चित्राची डावी बाजू कापलेली होती. तिथं जिन्याच्या तोंडाशी एक माणूस पाठमोरा, तरातरा निघालेला. खांद्यावरची चादर मागं लांब फरफटत चाललेली, आणि तिच्या टोकाला बनियन. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं, त्यामुळे त्या माणसाला लांबलचक शेपूट फुटल्यासारखं दिसत होतं. ती त्याच्याकडे बघून हसत होती. दहा वर्षं ज्या हसण्यावर मी जळलो, ते माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं कुरुंदवाड गाठलं. साडू बांधावर बसले होते. मी बसायच्या आधीच विचारलं, “मला का कापलासा?”

“पाठ बी तुमचीच की,” ते म्हणाले. “तुमास्नी इचारलं न्हवतं.”

“मग इचारायचं हुतं.”

“इचारलं असतं तर व्हय म्हणला असता?”

शेपटासकट कॅलेंडरवर जायला मी कधीच हो म्हणालो नसतो. साडूंनी माझ्यापुढे पान सरकवलं.

तो अख्खा फोटो मी मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. बायकोनं एका वर्षाची परवानगी दिली. दर दिवाळीला विचारतो, दर वेळी ती थोडं ताणते आणि देते. लोक थांबून हसतात, हसू देत.

साडू गेले तेव्हा वर्तमानपत्रात द्यायला त्यांचा फोटो शोधला, तर सगळ्यांचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाचा एकच धड फोटो निघाला, एका लग्नात मी सहज काढलेला. माझ्या पद्धतीप्रमाणे मी तो निगेटिव्हसह त्यांना कधीच देऊन टाकला होता, तो आक्कांच्याच पेटीत होता. तरी त्या तो घेऊन माझ्यासमोर आल्या. “पावणं, ह्यो पेपरात दिला तर चालंल न्हवं?” त्या घरात विचारल्याशिवाय फोटो छापायला देत नाहीत. मी म्हणालो, “साडू हुतं म्हणून ह्यो मोफत. पर वर्षश्राद्धाला परत इचारा.” आक्का रडता रडता हसल्या.

वर्षश्राद्धाच्या आधी आक्कांचा खरंच फोन आला.