माझ्यानंतरचा फडका

आप्पांनी खिशातून फडका काढला, दोनदा झटकला आणि मी नुकतीच बोटं लावली होती ती कीबोर्डची बटणं एक एक करून पुसली. सावकाश. देव्हाऱ्यातली भांडी पुसावीत तशी. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता तू उभ्यानं बघ."

हा प्रसंग मी आज कट्ट्यावर करून दाखवतो तेव्हा पोरं हसून लोळतात. आप्पांची मान, आप्पांची वर उचललेली करंगळी, सगळं जमतं मला. त्या दिवशी मात्र मी खुर्चीवरून उठून मागं जाऊन उभा राहिलो होतो.

भांडगावच्या पुढं, हायवेला लागून पुठ्ठ्याचा कारखाना होता. मी तिथं मेंटेनन्सला फिटर. मशीन बंद पडलं की ऑपरेटर हाक मारायचा, आम्ही पाना घेऊन पळायचो. मग सॉफ्टवेअर आलं. आता तक्रार कॉम्प्युटरवर येणार, फिटरनं ती आपल्या नावावर घ्यायची, दुरुस्ती झाली की तिथंच बंद करायची. पुण्याहून एक मॅडम आल्या, एक दिवस शिकवून गेल्या. महिनाभर सराव करून घ्यायचं काम आप्पांवर सोपवलं. आप्पा आमचे फोरमन. कारखान्याची जमीन पूर्वी त्यांच्याच भावकीची. त्यामुळं गेटच्या आतही ते स्वतःच्या बांधावर उभं राहिल्यासारखे बोलायचे.

"ग्रीसचं हात हायेत तुझं," ते म्हणाले. होतेच. पण माझ्याआधी त्यांचा पुतण्या गिअरबॉक्स उघडून थेट येऊन बसला होता. त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा एन्टरवर तसाच होता. त्याला फडका लागला नाही. दुसऱ्या दिवशी मी रॉकेलनं, मग साबणानं हात घासले. हळद लावून न्हालेल्या नवरदेवासारखे लख्ख हात घेऊन गेलो. फडका निघालाच.

विलास वेल्डर बोलून गेला, "आप्पा, ह्याचा हात लागला की कॉम्प्युटर बाटतुया व्हय?"

सगळे हसले. आप्पाही हसले. खरं बोललं गेलं आणि विनोदात जिरलं. मीही दात काढले. आमच्या बौद्धवाड्यातला माणूस अशा वेळी हसला नाही, तर अंगावर येतो म्हणतात.

त्यानंतर मला खुर्चीच मिळाली नाही.

मग साहेबांनी सांगितलं की मॅडम परीक्षा घेणार. जमणार नाही तो सांडपाण्याच्या टाकीवर जाईल. टाकीवर म्हणजे आत उतरून फावड्यानं गाळ काढायचा. माझ्या बापानं गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं त्याला कामाला बोलवणं बंद केलं होतं. त्यानं अर्धपोटी राहून मला आयटीआयला घातलं. आणि आता मला शिकू द्यायचं नाही, आणि येत नाही म्हणून गाळात उतरवायचं. दार बाहेरून लावायचं आणि वर विचारायचं, बाहेर का येत नाहीस?

बायको म्हणाली, "आप्पास्नी हात जोडा की."

"जोडलं असतं. पर त्येंला माझं हातच चालंनात."

परीक्षेला मॅडम टेबलाशी, साहेब दाराशी. पुतण्यानं दोन बोटांनी तक्रार बंद केली. माझं नाव आलं. मी खुर्चीपर्यंत पोचायच्या आत आप्पा म्हणाले, "मॅडम, ह्याला ऱ्हाऊ द्या. लई समजावलं. ह्या लोकांचं डोकं न्हाई चालत यात."

ह्या लोकांचं. म्हणजे माझ्या बापाचं. शाळेत जाणाऱ्या माझ्या लेकीचंही.

मी बसलो. दोन्ही पंजे कीबोर्डवर सपाट टेकवले. पडदा अक्षरांनी भरत गेला.

"अहो, काय करताय?" मॅडम म्हणाल्या.

"मला येत न्हाई, मॅडम. मला शिकवलं न्हाई. माझा हात लागला की आप्पा पुसून घेत्यात. आता तुमच्यासमोर पुसा म्हणावं."

विलास खाली बघू लागला. मॅडमनी आप्पांकडं पाहिलं.

"धूळ असती, मॅडम," आप्पा म्हणाले.

साहेब म्हणाले, "हा विषय नंतर बघू. पुढचा कोण? तू ऊठ."

"न्हाई उठत. आधी शिकवा, मग नापास करा."

दोघा कामगारांनी मला दंडाला धरून उठवलं. मॅडम कागद आवरत राहिल्या आणि दुपारच्या गाडीनं पुण्याला गेल्या. सोमवारी टाकीवरच्या बदलीचा हुकूम आला. मी टाकीवर गेलो नाही. गेटावर हजेरी दिली, पाना घेतला आणि कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आप्पा येता-जाता बघायचे. एकदा थांबले.

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ द्या."

"मग खाशील काय?"

मी पाना या हातातून त्या हातात घेतला. मला एवढंच ठाऊक होतं की एकदा मी त्या टाकीत उतरलो, की माझ्यामागं माझ्या वस्तीतला पुढचा माणूस न विचारता उतरवला जाईल.

"मी फिटर हाय, आप्पा," मी म्हणालो. "गाळात उतरायचा न्हाई."