तिन्ही मशिनींवर हिरवं

बिश्केकमध्ये औषधांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर बुरुल एजेके अकरा वर्षं एकच काम करत होत्या, आणि ते काम नेमकं काय हे त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही कधी कळलं नाही. कंपनी नद्यांचं पाणी मोजणाऱ्या ठाण्यांसाठी प्रोग्राम बनवायची. प्रोग्राम बाकीचे लिहायचे. लिहिलेल्यातून चालणारी वस्तू बांधून काढणारी स्क्रिप्ट एजेकेंची. गिऱ्हाइकं तीन तऱ्हांची: डोंगरातल्या पाणी-कचेऱ्यांत जुनाट विंडोज, विद्यापीठात लिनक्स, आणि परदेशी मदत संस्थेच्या साहेबांच्या मांडीवर मॅक. तिघांसाठीही ती चालायला हवी. चालली तर कोणी विचारत नसे. अडली की मात्र सगळ्यांना एजेकेंचं नाव बरोबर आठवायचं.

त्याआधी त्या नारीन गावच्या शाळेत संगणक शिकवायच्या. कंपनीचा मालक तालाय त्यांचाच विद्यार्थी. सदतिसाव्या वर्षीही तो शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं ‘एजेके’ म्हणायचा, म्हणून अख्खं ऑफिस तेच म्हणायचं. पेन्शनला दोन वर्षं उरली होती. ती ह्याच खुर्चीत निघावीत, एवढंच त्यांचं मागणं. छप्पन्नाव्या वर्षी दुसरी खुर्ची देतं कोण?

वसंतात एकदा तालाय चहाचा प्याला घेऊन त्यांच्या टेबलाशी आला आणि खाली बघत म्हणाला, की स्क्रिप्ट अशी करून द्या, कोणालाही, कुठल्याही मशिनीवर, एका आज्ञेत चालवता आली पाहिजे. मोठ्यांशी बोलताना नजर खाली ठेवायची, हे एजेकेंनीच त्याला शिकवलेलं. त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. पोराचे संस्कार अजून शाबूत आहेत, असं उलट त्यांनी घरी जाऊन बहिणीला सांगितलं.

मग त्या कामाला भिडल्या. स्क्रिप्टीत आपल्याच मशिनीच्या किती खुणा राहून गेल्यात हे आता दिसायला लागलं. एका ठिकाणी त्यांच्या स्वतःच्या फोल्डरचा पत्ता खिळ्यासारखा ठोकलेला. फाइलीतला मजकूर बदलायची आज्ञा लिनक्स मुकाट ऐकायचं. मॅक तीच आज्ञा ऐकून जुन्या प्रतीला काय नाव देऊ म्हणत अडून बसायचं. विंडोजच्या तर पत्त्यातल्या तिरक्या रेघासुद्धा उलट्या. शिवाय काही गोष्टी स्क्रिप्टीत नव्हत्याच, एजेकेंच्या डोक्यात होत्या: कुठली पायरी दोनदा चालवायची, कुठे आधी काय बसवून घ्यायचं. तेही त्यांनी एकेक करून डोक्यातून काढून आत घातलं.

शेजारच्या टेबलावर झिपार बसायची, वयाने तिशीची आणि जिभेने साठीची. ती म्हणाली, “एजेके, इतकंही सोपं करू नका. उद्या खालचा औषधवाला चालवेल.”

“चालवू दे की,” एजेके म्हणाल्या. त्यांना ती स्तुती वाटली.

सहा आठवड्यांनी तिन्ही मशिनींवर हिरवं आलं, एकही चूक नाही. शनिवारी दुपारी तालायने घरी मेंढा कापला आणि अख्ख्या ऑफिसला जेवायला बोलावलं.

आमच्याकडे, किर्गिझांत, मेंढ्याचं हाड माणूस बघून वाटतात. कोणाची काय किंमत, ते ताटात कळतं. अशा जेवणांना एजेके अकरा वर्षं दाराजवळ, चहाच्या किटलीपाशी बसत आल्या होत्या, आणि ताटात येईल ते बारकं हाड चघळत. घरच्या माणसाला कोण मान देत बसतं? मान पाहुण्याचा, म्हणजे जो उठून जाणार त्याचा. त्या दिवशी तालायने त्यांना हाताला धरून दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या गादीवर नेलं, खांद्यावर नक्षीचा अंगरखा घातला आणि कमरेचं मोठं हाड स्वतःच्या हाताने त्यांच्या ताटात ठेवलं.

झिपार चहा ओतायला वळली. बाकीचे एकदम पाव मोडायला लागले. एजेकेंनी हाडाकडे पाहिलं, मग तालायकडे. तो खाली बघत होता.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“एक तारखेपासून, एजेके. आता स्क्रिप्ट कोणीही चालवतं, तुम्हीच तसं करून दिलंत. मी सांगणारच होतो. तुमच्यापुढे तोंड उघडत नाही माझं.”

“म्हणून मेंढ्याला सांगायला लावलंस.”

एजेकेंनी सुरी घेतली, हाडावरचं मांस कापलं, रीतीप्रमाणे डावी-उजवीकडे थोडं थोडं वाटलं आणि उरलेलं खाल्लं. चांगलं शिजलं होतं, हेही सांगून टाकलं.

जेवणं झाली. पंगतीत वयाने त्याच मोठ्या, तेव्हा उठायच्या आधीचा आशीर्वाद त्यांनीच द्यायचा. सगळ्यांनी तळहात उघडून पुढे धरले.

“घर भरलेलं राहो,” त्या म्हणाल्या. “बांधाल ते सगळीकडे चालो. आणि तालाय, तू माझ्या वयाचा होशील तेव्हा तुला तोंडावर सांगणारा माणूस भेटो.”

“ओमीन,” सगळे म्हणाले आणि तळहात चेहऱ्यावरून फिरवून मोकळे झाले. तालायचे हात चेहऱ्यावरून खाली यायला जरा वेळ लागला.