गोटीरामची हरकत

आमच्याकडं माणूस होकार देतो तो 'बरं' म्हणून, नायतर 'चालंल' म्हणून. गोटीरामला हे गावंढळ वाटायचं. मखमलाबादच्या रस्त्याला त्याचं बावीस गुंठे वावर, त्यात झेंडू अन् शेवंती. सायकलला पाट्या बांधून तो बंगल्यांना फुलं घालायचा. चार वर्षं बंगल्यांची फाटकं वाजवून त्यानं काय कमावलं, तर दोन शब्द: हरकत नाही. बाईसाहेबांनी उद्या उशिरा ये म्हटलं, हरकत नाही. शिळी म्हणून फुलं परत केली, हरकत नाही. घरात भाकर गार झाली तरी तेच. बायको नवसाबाई म्हणायची, बंगल्याची उष्टी सुपारी चघळत्यात.

नव्वदीच्या सुरुवातीला शहराचा नवा आराखडा निघाला. नकाशे पालिकेच्या हॉलात टांगले अन् लोकांनी साठ दिवसांत हरकती द्याव्यात असं पेपरात छापून आलं. नकाशात गोटीरामचं वावर हिरवं रंगवलेलं, वर लिहिलेलं: उद्यान. म्हंजे फुलांनी भरलेलं वावर घ्यायचं अन् तिथं बाग करायची. एवढी अक्कल कोणत्या शाळेत शिकवत्यात कोण जाणे. आरक्षण एकदा पक्कं झालं की वावर गेल्यात जमा. नावावर राहतं, पण त्यावर साधी खोली बांधता येत नाय.

नवसाबाईनं शाळेतल्या मास्तरांकडून हरकतीचा अर्ज लिहून घेतला, स्वतः जाऊन दिला, शिक्क्याची पोच पदराला बांधून आणली. पण सुनावणीला बोलावणं आलं सातबाऱ्यावर नाव असलेल्या गोटीरामला. तिनं त्याला बजावलं, "आमचं वावर सोडा, एवढंच म्हणा. दुसरा शब्द काढू नका."

गोटीराम इस्त्रीचा सदरा अन् भावकीतल्या कुणाचे तरी बूट घालून गेला. बूट चावत होते, तरी चाल साहेबाची. हॉलात शे-दीडशे शेतकरी सकाळपासून ताटकळलेले. पंख्याखाली साहेब, बाजूला कारकून. कारकुनाच्या रजिस्टरात एक रकाना होता, 'हरकतदाराचे म्हणणे'. समोरचा माणूस जे बोलेल ते तो वर न बघता रकान्यात उतरवायचा. साहेब काय बोलले याला रकाना नव्हता.

गोटीरामचा नंबर आला. त्यानं घसा खाकरला, तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला.

साहेब उठत म्हणाले, "जरा थांबा हं."

"हरकत नाही, साहेब," गोटीराम म्हणाला. अगदी बंगल्याच्या फाटकावर म्हणावं तसं, कमरेत वाकून.

कारकुनानं लिहिलं. साहेब परत आले, यांचं झालं का म्हणाले, कारकून झालं म्हणाला. रजिस्टर गोटीरामपुढं सरकवून त्यानं सांगितलं, तुमचं म्हणणं घेतलंय, सही करा. गोटीरामला वाचता येत होतं. पण मोठी माणसं न वाचता सही करतात, हे त्यानं बंगल्यांवर पाहून ठेवलेलं. त्यानं झोकात सही ठोकली, खाली दोन रेघा ओढल्या अन् घरी येऊन सांगितलं की साहेबांनी आपल्याशी लय सभ्यपणानं बोलणं केलं.

आठ महिन्यांनी कागद आला. मास्तरांनी वाचला: हरकतदारास हरकत नाही, सबब आरक्षण कायम.

नवसाबाई तडक कचेरीत गेली. कारकुनानं रजिस्टर काढून सहीवर बोट ठेवलं. म्हणाला, तुमच्या मालकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

"अवो, तो माणूस ताटात गार भाकर पडली तरी हेच सांगतो," ती म्हणाली.

कारकून म्हणाला, भाकरीची नोंद इथं होत नाही.

मग दहा-बारा वर्षं गेली. आजूबाजूच्या वावरांवर आरक्षण नव्हतं, तिथं तीन-तीन मजले चढले. गोटीरामच्या वावरात बाग झाली नाय, खोलीही झाली नाय. झेंडूत 'नियोजित उद्यान' अशी पत्र्याची पाटी गंजत उभी राहिली, तिच्यावर नवसाबाई धुणं वाळत घालायची.

एकदा कचेरीचा नवा साहेब पाटी रंगवायला पेंटर घेऊन आला. शिकलेला, रीतीचा. बांधावर थांबून त्यानं विचारलं, "आत येतो. तुमची काही हरकत नाही ना?"

गोटीराम हात जोडून पुढं झाला, त्याचं तोंड उघडलंसुद्धा. वाफ्यात वाकलेल्या नवसाबाईनं वर न बघता सांगितलं, "हाय. लिहून घ्या."