बांधावरची हजेरी

रोज सकाळी दगडांची हजेरी घेणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच होऊन गेला, आणि तो आपल्या घरात होऊन गेला. मुलांनो, तुमच्या आजोबांचे ते सख्खे काका, म्हणजे माझे चुलत मामंजी. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते माण तालुक्यातल्या आपल्या गावी आले, पण ही निवृत्ती फक्त सरकारच्या लेखी होती. चहा ते उभ्यानेच पीत, कारण बसून प्यायलेला चहा अंगात आळस भरतो. एस.टी. उशिरा आली तर ड्रायव्हरला खाली उतरवून कारण विचारत. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा त्यांना पाहून रांगेत चालतात, असं तुमचे आजोबा म्हणत. रांग मी कधी पाहिली नाही, पण कोंबड्या बिचकत हे खरं.

गावाच्या वरच्या अंगाला जुनं तळं आहे. त्याच्या दगडी बांधावर वीरगळ ओळीने उभे आहेत, म्हणजे फार पूर्वी लढाईत पडलेल्यांचे कोरीव दगड. त्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून मामंजींनी ती ठेवली होती आणि वर हुद्देही दिले होते. सकाळी अंघोळ झाली की डोक्याला फेटा बांधून ते बांधावर जात आणि एकेकाचं नाव पुकारत. दगड बोलत नाहीत, तेव्हा "हजर!" हेही तेच म्हणत, प्रत्येकासाठी वेगळा आवाज काढून. एक दगड कलला होता, तो 'आजारी'. दसऱ्याला सगळ्यांना तेल लावत. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी मला मुद्दाम तिथे नेऊन ओळख करून दिली, "ही आमची सूनबाई. सांगलीची हाय, विंग्रजी शिकवती." मी नकळत डोक्यावरचा पदर सावरला.

बांधाखालीच हौसाबाईचं घर. तिचा नवरा मुंबईला गोदीत, आणि ती इथे शेळ्या आणि पोरं सांभाळत असे. तिची एक शेळी कलत्या वीरगळाला पाठ घासायची. मामंजींनी तिला रंगेहाथ पकडलं आणि दुपारभर आमच्या गोठ्यात कैदेत ठेवलं. हौसाबाई सोडवायला आली तेव्हा शेळी आमचा कडबा खात होती.

"सुभेदार, आणखी दोन दिस ठेवा की," ती म्हणाली. "लय अंग धरलंय तिनं."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी शाळेच्या सुट्टीत साताऱ्याहून, आमच्या नोकरीच्या गावाहून, गेले तेव्हा सगळं गाव खडी फोडायला जात होतं. आपल्या घरातल्या बायकाही जात. सरकारी काम, रोजचा पगार आणि मुलांना खायला सुकडी, यावर चुली पेटत होत्या. एके दिवशी मुकादम म्हणाला, जवळचा दगड संपला. आता तळ्याचा बांध फोडायचा, वीरगळांसकट, नाहीतर काम पार लांबच्या गावाला जाईल. मामंजी काठी घेऊन बांधावर उभे राहिले. मुकादम थांबला. हौसाबाई मात्र थांबली नाही. कडेवर पोर घेऊन ती सरळ त्यांच्यासमोर आली.

"आवं सुभेदार, ही मेल्याली मानसं. ह्यास्नी रोज सलाम ठोकताय, आन् आमी जित्ती हाय ती दिसत न्हाई व्हय? लेकरं घिऊन एवढ्या लांब कशी जाऊ आमी?"

मामंजींनी काठी खाली घेतली आणि मुकादमाकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हजेरी घेतली नाही. "सूनबाई, चला दहिवडीला, तहशिलीत. सायबाशी विंग्रजी बोलायला लागंल," एवढंच म्हणाले.

मी एस.टी.त वाक्यं जुळवत गेले. पण साहेब मराठीच निघाले आणि माझी सगळी वाक्यं जशीच्या तशी परत आली. साहेब कामात होते. मामंजी त्यांच्या दारासमोर सावधान उभे राहिले. साहेब जेवायला गेले, जेवून आले, तरी हे तसेच. शेवटी साहेबच ओशाळले.

"आजोबा, बसा हो."

"हुकूम मिळाल्याबिगर हालता येत न्हाई."

"अहो, पण कसला हुकूम?"

"गाळाचा, सायेब. तळं गाळानं भरलंय. दगूड फोडन्यापरीस गाळ काढू द्या. बायकास्नी दारात काम मिळंल, गाळ रानात पडंल, पानी साठंल. आन् माझी मानसं हाईत तितं राहतील."

साहेब जीपने आले, तळं पाहिलं आणि गाळाचं काम लावून दिलं. अख्खं गाव कोरड्या तळ्यात उतरलं. अशा कामात खोली मोजता यावी म्हणून मधोमध मातीचा एक खांब न खोदता ठेवतात. भोवतालची जमीन खाली जाते आणि खांब उंच होत राहतो. काम संपल्यावर मोजमाप झालं आणि मुकादमाने खांब पाडायला कुदळ उचलली. तेव्हा हौसाबाई आडवी आली.

"ह्यो न्हाई पाडायचा. बांधावरल्या गड्यांस्नी त्यांचं दगूड हायती. आमी किती खोल गेलो ते लेकरांस्नी कशावरनं कळायचं?"

मुकादमाने मामंजींकडे पाहिलं. मामंजी तळ्यात उतरले, खांबासमोर टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. हौसाबाईने पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की काय, ते मला कळलं नाही. नंतर बायकांनीच खांबाला दगडांची कड बांधली. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत एक नाव वाढलं होतं, त्या खांबाचं. मामंजींनी ते पुकारलं आणि ते "हजर" म्हणणार तोच खालून, शेळ्यांमधून, बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला, "हजर!"

त्या गाळावर आपलं रान पिकलं, तुमच्या बाबांचं शिक्षण त्यातूनच झालं. मागच्या खेपेला तुम्ही विचारलंत, आजी, पाण्यातल्या त्या उंचवट्यावर बगळे बसतात तो कशाचा? तो हा खांब. थोडा झिजलाय.

मामंजींना जाऊन कितीतरी वर्षं झाली. हजेरी घेणारं आता कुणी नाही. हौसाबाई खूप थकली आहे, पण शेळ्या घेऊन अजून बांधावरून जाते. परवा मी तिच्याबरोबर चालत होते. शेवटच्या वीरगळापाशी ती थांबली, वळून सगळ्या ओळीवरून आणि पाण्यावरून नजर फिरवली, आणि कुणाला तरी रोजचं सांगावं तसं म्हणाली,

"समदी हायती, सुभेदार."