दुधाच्या रिकाम्या पिशव्या

कागदी खोकी बनवणाऱ्या कंपनीची एक बाई दर शनिवारी घाटकोपरला आमच्या चाळीत येते. कंपनी चाळीतल्या पोरांना फुकट कॉम्प्युटर शिकवते, आणि पोरं तिच्यासोबत घरोघरचं प्लास्टिक गोळा करतात. बाई मोठी चिवट. आपण नाही म्हटलं तरी ऐकत नाही. "बघा ना काका, असेल! नाहीतर जाईल सगळं देवनारच्या कचराडेपोत." मला वैताग यायचा.

बायको गेल्यावर एका शनिवारी सुनेने तिच्या दुधाच्या पिशव्या या बाईला देऊन टाकल्या. बायकोने धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवलेल्या. कळल्यावर मी तसाच खाली धावलो. कंपनीचे साहेब फोटोसाठी उभे होते.

"माझ्या बायकोच्या पिशव्या दे," मी ओरडलो. पोरं हसली.

बाई हसली नाही. "साहेब, थांबा जरा," म्हणाली, आणि भरलेलं पोतं तिथेच उपडं केलं. खाली बसून विचारलं, "काका, काकू घडी कशी घालायच्या?"

"चौकोनी. वरून रबर."

उष्ट्या डब्यांतून तिने गठ्ठा शोधला, ओढणीला पुसून दिला.

अजून येते. शेजाऱ्यांचं डोकं खातेच. मी नाही म्हटलं, की मुकाट पुढच्या दाराकडे जाते.