भाऊजींचा आठवा पंख

टेकडी अजून अर्ध्या तासावर होती आणि वहिनींचा खांदा भरून आला होता. चादरीत गुंडाळलेल्या पंखाचं एक टोक भाऊजींच्या हातात होतं, दुसरं त्यांच्या.

"भाऊजी, एवढं लांबलचक विमान केलंत, एक शेपूट लावायला काय झालं होतं?"

"याला धड नाही, शेपूट नाही. नुसता पंख. सगळं त्यानंच करायचं."

"म्हणजे घरातल्या बाईसारखं."

भाऊजींनी यावर थोडा विचार केला आणि "हो" म्हणाले.

भाऊजींनी एकतीस वर्षं कारखान्यात कपाटांना दारं बसवली. लग्नाचं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणत, जशी छत्री आणायची राहून जाते. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत त्यांनी असे सात पंख केले. सातही आपटले. शेवटी थोरल्या भावानं, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, सुनावलं, "आठवा उडाला तर खोली तुझी. नाहीतर रविवारी रिकामी कर." भाऊजींनी मान डोलावली. माणूस शब्दाचा पक्का.

टेकडीवरून त्यांनी पंख सोडला. त्यानं नाक वर केलं, कोलांटी खाल्ली आणि गवतात उताणा पडला.

भाऊजींनी तो बोटांवर तोलून पाहिला. "मागं काहीतरी जड आहे."

वहिनींचा चेहरा उतरला. "मी देवाचं नाव कोरलेला तांब्याचा पत्रा चिकटवलाय. मागच्या कडेला, खालून. राखण व्हावी म्हणून."

"शेपटीच्या विमानाला खपलं असतं. याला मागं नखाएवढं वजन सोसत नाही."

"मग काढून टाका. देव रागवायचा नाही."

भाऊजींनी पत्रा काढला, कपाळाला लावला, तोलासाठी नाकात भरलेलं शिसं तेवढ्याच वजनानं कमी केलं आणि तिथं तो बसवला. "राखण पुढून करू दे."

त्यांनी पंख पुन्हा सोडला तेव्हा वहिनींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा पंख अजून वरच होता. दरीवर त्यानं एक संथ वळण घेतलं, मग दुसरं, आणि तिसरं घेता घेता पलीकडच्या सर्वांत उंच झाडात जाऊन बसला. तिथून तो कुणी काढणं शक्य नव्हतं.

भाऊजी चादरीची नीट घडी घालत म्हणाले, "वहिनी, दादाला तुम्हीच सांगा. माझं त्याला खरं वाटायचं नाही."

"काय सांगू?"

"उडालं म्हणून. झाडाचं त्यानं विचारलं, तरच सांगा."