दोनदा वाजून थांबणारा फोन

केतकी गेली हे कळवणारा फोन मी तीनदा उचललाच नाही. नंबर ओळखीचा नव्हता, आणि अनोळखी नंबर उचलायचा नाही अशी माझ्या मुलाची सक्त ताकीद आहे. चौथ्यांदा वैतागून उचलला, तर पलीकडे तिचा नवरा. सकाळी चालायला गेली होती, वाटेतच कोसळली... पंचावन्न हे काय जायचं वय आहे? मी त्या बिचाऱ्यावरच खेकसले, "असं कसं? बुधवारी यायचं कबूल केलंय तिनं मला!" या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. राग अजून गेलेला नाही. तिच्यावर रागावायची मला चाळीस वर्षांची सवय आहे.

केतकी माझ्या मैत्रिणीची, सुधाची मुलगी. जन्म इथलाच. ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत आम्ही पंधरा-वीस मराठी घरं होतो. जर्दाळूच्या बागा तोडून ऑफिसं उभी राहत होती आणि त्या ऑफिसांत आम्ही नवरा-बायको दोघंही राबत होतो. जरा स्थिरस्थावर झाल्यावर एकेकानं आई-वडिलांना आणलं. वडील गेल्यावर मीही आईला साताऱ्याहून घेऊन आले. स्वतंत्र खोली, रंगीत टीव्ही, भरलेला फ्रिज... आणखी काय हवं माणसाला? सकाळी निघताना मी रोज बजावत असे, दार उघडायचं नाही, फोन उचलायचा नाही. तिला इंग्रजी येत नव्हतं, उगाच घोटाळा नको. सगळ्याच घरांत हा नियम होता. आई फोन उचलणार नाही हे माहीत असल्यामुळे मी स्वतःही दिवसभरात तिला कधी फोन केला नाही. हे आज लिहितानाही चीड येते, आणि ती केतकीची नव्हे.

केतकी तेव्हा सतरा वर्षांची. नुकतं लायसन्स मिळालेलं, हाताशी वडिलांची जुनी तपकिरी स्टेशन वॅगन. मराठी मंडळाच्या दिवाळीत तिनं आणि तिच्या तीन दोस्तांनी हॉलच्या दारावर एक कागद लावला. दिवसा घरी एकटं कोण असतं? नावं लिहा, शाळा सुटल्यावर आम्ही फिरवून आणू. आम्ही सगळ्यांनी आपापल्या आई-वडिलांची नावं लिहून पुढे 'नो, थँक यू' लिहिलं. आम्ही आईला एकटं टाकतो असं कबूल कोण करणार? मी लिहिलेलं वाचून कार्टी म्हणाली, "मावशी, आय वॉझन्ट आस्किंग यू. आय वॉज आस्किंग आजी." उद्धट आहे तुझी मुलगी, असं मी सुधाला तोंडावर सांगितलं.

मग जानेवारीत माझ्याच घरी हळदीकुंकू होतं. मी स्वयंपाकघरात, आणि केतकी बाहेर तिळगूळ वाटण्याच्या निमित्तानं एकेका आजीच्या कानाशी लागत होती. शहाणी झाली हो, असं मला वाटलं. प्रत्यक्षात ती सांगत होती, "आजी, फोन दोनदा वाजणार, मग स्टॉप. मग परत वाजणार. ती मी. फक्त तोच उचलायचा."

मार्चमध्ये एका बुधवारी ताप आला म्हणून मी पाचलाच घरी आले. घरात आई नाही. खोल्या पाहिल्या, मागचं अंगण पाहिलं. पोलिसांना फोन करायला रिसीव्हर उचलला तोच दारात ती वॅगन थांबली. आत पाच म्हाताऱ्या आणि आमच्यातल्याच काळ्यांचे वडील, काळे आजोबा, प्रत्येकाच्या हातात भेळेची पुडी, आणि माझी आई पुढच्या सीटवर... हसत होती. मी धावत बाहेर येऊन अंगणातूनच ओरडले, "कोणाला विचारून नेलंस हिला?"

"आजींना विचारून," केतकी म्हणाली.

मी आईला पुन्हा जायचं नाही म्हणून सांगितलं. आई "बरं" म्हणाली आणि पुढच्या बुधवारी गेली.

केतकी वेळेवर म्हणून कधी यायची नाही. तीन म्हणजे पावणेचार. आणि एप्रिलमध्ये तर ती काळे आजोबांना लायब्ररीतच विसरून आली! मग मात्र आमच्या घरी सगळ्या पालकांची मीटिंग बसली. पडलं-झडलं तर जबाबदार कोण, इन्शुरन्सचं काय, एकेकाचा आवाज चढत गेला. केतकीचा चेहरा उतरला होता. "आय मेस्ड अप," ती म्हणाली, "मी गाडीत किती लोक ते मोजलंच नाही. आता दर वेळी मोजीन." मी म्हटलं, दर वेळी वगैरे काही नाही, आता हे बंद. तेव्हा कोपऱ्यात बसलेली आई म्हणाली, "अकरा महिने मी या घरात दिवसभर कोणाशी बोलत होते, माहीत आहे? फ्रिजशी. तो गुरगुरायचा, मी हं म्हणायची."

कोणी हसलं नाही. मग काळे आजोबा म्हणाले, "मला हरकत नाही, परत विसरा. फार छान गेला दिवस." तेव्हा सगळे हसले. मी सोडून. मला रडू येत होतं आणि ते केतकीला दिसू नये म्हणून मी चहा टाकायला उठले.

बुधवार चालू राहिला. ही मुलं कॉलेजला गेली तशी मागची मुलं वॅगन चालवू लागली. आईची शेवटची वर्षं त्या गाडीमुळे माणसांत गेली. मी केतकीचे आभार कधी मानले नाहीत. आधी रागात राहून गेलं, मग इतक्या वर्षांनी काय मानायचे म्हणून.

गेल्या वर्षी डोळ्यांमुळे माझं ड्रायव्हिंग बंद झालं. मी कोणाला बोलले नव्हते. तरी एका बुधवारी तीन वाजता फोन दोनदा वाजून थांबला आणि परत वाजला. "अगं, आता नाव दिसतं फोनवर, कशाला ही नाटकं?" मी करवादले. "मावशी, चपला घाला," एवढंच ती म्हणाली. आली मात्र पावणेचारलाच.

परवा बुधवारी तीनच्या सुमारास फोन दोनदा वाजला आणि थांबला. कुठल्या तरी विक्रेत्याचा असणार. मी चपला घातल्या, पर्स घेतली आणि तो परत वाजायची वाट बघत दाराशी बसून राहिले. पावणेचार झाले, चार झाले... या मुलीला वेळेवर यायला कधी जमलंच नाही.